आठ नंबरचा स्वार

४ मार्च

आत्या,

आधी तुझे गुडघे कसे आहेत ते विचारते. नाहीतर कामापुरती आत्या आठवते म्हणून तू मागच्यासारखा टोमणा मारशील. आठवण कामामुळेच झाली आहे, हे मात्र खरं.

तुमचा तो जुना रहस्यपट, रेसच्या घोड्याचा, सध्या माझ्या टेबलावर आहे. तू फिल्म कंपनीत कापणी-जोडणीच्या टेबलावर होतीस तेव्हाचा. त्याची निगेटिव्ह एका बंद पडलेल्या थिएटरच्या माळ्यावर सापडली आणि आमच्या संग्रहालयात आली. डबे उघडले तेव्हा असा आंबूस वास सुटला की शेजारच्या खोलीतल्या बाई रजा टाकून घरी गेल्या. आता रोज फिल्म धुवायची, फाटलेल्या कडा सांधायच्या आणि भिंगातून एकेक चौकट बघायची. मान आखडली आहे, डोळे चुरचुरतात, त्यात लिफ्ट बंद. घरी गेले की जेवायचाही कंटाळा येतो.

गोष्ट तुला सांगायला नको, पण मला ती इतकी पाठ झाली आहे की राहवत नाही. मोठ्या शर्यतीच्या तोंडावर ट्रेनर पागेत मरून पडलेला सापडतो. सगळ्यांना वाटतं, घोड्याची लाथ लागली. मग ते गुप्तहेर साहेब येतात. घोड्याजवळ गेले की शिंकतात आणि शिंकले की त्यांची टोपी पडते. शेवटी पाण्याची बादली लवंडते, घोड्याच्या पायाचा पांढरा रंग वाहून जातो आणि कळतं की खरा घोडा पळवून त्याच्या जागी दुसराच रंगवून उभा केला होता. खुनी निघतो घोड्यांचा डॉक्टर. खरा घोडा वेळेवर सापडतो, शर्यतीत धावतो, जिंकतो. झकास.

घोळ शर्यतीतच आहे. खऱ्या घोड्याचा पुढचा डावा पाय पांढरा. पण मधल्या एका तुकड्यात पांढरा पाय उजवा दिसतो. आणि त्याच तुकड्यात त्याच्यावरचा आठ नंबरचा स्वार भर शर्यतीत मान वळवून चक्क कॅमेऱ्याकडे बघून हसतो! जुने शौकीन अजून वाद घालतात की गुप्तहेरच फसला, जिंकला तोही खोटाच घोडा. तुकडा जरा धूसरही आहे. तो उलटा जोडला होता का ग?

आमचे साहेब म्हणतात, उघड चूक आहे, काढून टाका. डब्यात न वापरलेला दुसरा तुकडा आहे. त्यात पाय बरोबर, आणि स्वार मान खाली घालून मुकाट दौडतो. तोच बसवायचं ठरतंय. पण काम तुझ्या हातचं, म्हणून तुला विचारावंसं वाटलं.

तुझी खारुटली

११ मार्च

खारुटले,

गुडघे आहेत तिथेच आहेत, मी त्यांना घेऊन फार कुठे जात नाही. डोळ्यांत दिवसातून चारदा थेंब घालायचे, तेवढाच उद्योग. पत्र शेजारणीकडून वाचून घेतलं. उत्तर मात्र स्वतः लिहिते आहे, अक्षर नीट लावून घे.

हो, मीच उलटा केला. शर्यत घ्यायला आम्ही मैदानावर होतो. कॅमेरावाल्याला ऊन सहन होईना म्हणून त्याने बेट्याने कठड्याच्या पलीकडे, सावलीत कॅमेऱ्याचं तिकाटणं मांडलं. झालं! बाकी सगळ्या चित्रात घोडे उजवीकडून डावीकडे धावतात आणि या तुकड्यात डावीकडून उजवीकडे. थिएटरात वाटलं असतं की घोडे कंटाळून घरी निघाले. दिग्दर्शक डोकं धरून बसले. मी फिल्म पालथी करून जोडली. धावायची दिशा बदलली, काम भागलं. पालथी केली की थोडी धूसर दिसते, ते तू बरोबर ओळखलंस. पाठीवरचा आकडा इंग्रजी आठ, तो उलटा केला तरी आठच. पायाकडे कोण बघतंय, असं सगळे म्हणाले. लोक पायाकडेही बघतात, हे आज कळलं.

आता माझं ऐक. तो तुकडा काढू नकोस. दुसऱ्यात उजेड चांगला नव्हता. जे चित्र लोकांनी बघितलं तेच राहू दे. साहेबांना सांग, कापणारी बाई अजून जिवंत आहे आणि तिची हरकत आहे.

आईला भेटायला जातेस का? जात जा.

आत्या

१७ मार्च

आत्या,

रागावू नकोस, पण दुसऱ्या तुकड्यात उजेड उत्तम आहे. मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग सरळ, स्वच्छ तुकडा हाताशी असताना तू मुद्दाम धूसर, पालथा आणि त्यात हसणारा स्वार का घेतलास? साहेबांनी हाच प्रश्न केला. ‘जुन्या माणसांना आपली चूकही प्यारी असते,’ असं ते म्हणाले. मला ते लागलं, पण खोटं वाटलं नाही. आत्या, तुला तुझ्या हातच्या कामाचा अभिमान आहे आणि तो असावाच. पण चित्रातली चूक झाकून नेली म्हणून मलाच बोलणी खावी लागतील. शेवटच्या कागदावर सही माझी आहे. नोकरीही माझीच आहे, आणि सध्या इथे माणसं कमी करायची भाषा चालू आहे.

महिनाअखेर फिल्म छापायला जाणार. खरं कारण असलं तर त्याआधी कळव.

त्या स्वाराचं तोंड दिवसभर बघून बघून आता तो मला पाहुण्यातला वाटायला लागला आहे. हसला की गालाला खळी पडते. श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही. कोण होता ग? भाड्याने आणलेला कुणी जॉकी?

आईकडे गेले होते. तिची शिवणाची मशीन बिघडली आहे, आणि आता दुरुस्त करायचीच नाही म्हणते. नेहमीसारखीच. कशाला हात लावला की ‘राहू दे’.

खारुटली

२२ मार्च

वहिनी,

माझं पत्र बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडतील, तरी वाचून पूर्ण कर.

पोरीच्या टेबलावर आमचं ते रेसचं चित्र आलं आहे. त्यातला दादाचा तुकडा ती काढून टाकणार आहे. हसणारा. तो कोण आहे हे तिला ठाऊक नाही. मला विचारते, भाड्याने आणलेला जॉकी का?

वहिनी, तुला दिलेला शब्द मी पाळला. तिचा बाप गोदामात कारकून होता आणि तापाने गेला, असं तू सांगितलंस, तेच मी सांगत आले. घरातले सगळे फोटो ट्रंकेत पाणी शिरून खराब झाले, हेही मीच तिला रंगवून सांगितलं. ते फोटो तू बंबात घातलेस हे मला माहीत होतं, आणि मी तुला दोष दिला नाही. चित्राचं काम झालं की घोड्यावर पाय टाकणार नाही असं त्याने कबूल केलं होतं. तरी एका सकाळी सराव द्यायला म्हणून गेला आणि त्याला खाटेवर घालून आणलं. तुझ्या जागी मी असते तर मीही काहीतरी जाळलंच असतं.

पण आता जगात त्याचा चेहरा तेवढ्या एका तुकड्यात उरला आहे. बाकी सगळीकडे मान खाली आणि टोपी पुढे. पोरीने आपल्या हाताने बाप कापून डब्यात टाकला आणि मग कधी तिला कळलं, तर ती तुला काय म्हणेल आणि मला काय म्हणेल? मी थकले ग. तोंड दाबून ठेवण्याचंही एक ओझं असतं. मला मोकळं कर.

तुझी नणंद

२५ मार्च

वन्सं,

पत्र मिळालं. नाही.

मीही थकले आहे. इतकी वर्षं ती शांतपणे जगली. बाप नव्हता, पण बापाचा राग करावा लागला नाही. आज सांगायचं की आपण तुझ्याशी खोटं बोललो, आणि कशासाठी, तर एका चित्रातल्या निमिषभराच्या तुकड्यासाठी? तुकडा गेला तर जाऊ दे.

तुम्हाला एक सांगितलं नव्हतं. ते चित्र मी पाहिलं आहे. तुमचे दादा गेल्यावर चित्र लागलं, तेव्हा शिवणाचे कपडे पोचवायला म्हणून बाहेर पडले आणि एकटी जाऊन बसले. डोळे सुजलेले, थिएटरात सगळे त्या शिंकणाऱ्या माणसाला हसत होते. आणि मग ते दिसले. भर शर्यतीत, मरणाच्या वेगात, मान वळवून हसले. वन्सं, असे ते घरात कधी हसले नाहीत. दमून यायचे, गप्प जेवायचे, झोपायचे. मला वाटायचं, माणूसच गंभीर आहे. मग कळलं की हसू होतं, पण ते मैदानावर ठेवून यायचे. मी आणि पोर त्या हसण्यात कुठेच नव्हतो. घरी आले आणि बंब पेटवला.

म्हणून म्हणते, तो तुकडा मला नको, आणि पोरीलाही नको. बाप मेला यापेक्षा बापाला आपण पुरत नव्हतो हे कळणं वाईट.

गुडघ्यांना तेल लावत जा.

वहिनी

२८ मार्च

वहिनी,

तू ते चित्र पाहिलंस हे मला आज कळलं. आधी कळलं असतं तर मी तुझ्या दारात येऊन सांगितलं असतं, तेव्हा गुडघे धड होते.

तो मैदानाकडे बघून हसला नाही. घोड्याकडे नाही, लोकांकडे नाही. आठव, त्या आठवड्यात तू तापाने फणफणली होतीस आणि पोर माझ्याकडे होती. तिला ठेवायची कुठे? घेऊन गेले कामावर. सांगितलं नाही, कारण पोरीला घोड्यांच्या वाऱ्याला उभं करायचं नाही, ही तुझी ताकीद होती. मी कॅमेऱ्याला लागूनच उभी होते, पोर कडेवर. घोडे आले तशी ती घाबरायच्या ऐवजी टाळ्या पिटायला लागली आणि ओरडली, ‘बा!’ एवढाच शब्द येत होता तिला तेव्हा. त्या गदारोळात त्याला तो कसा ऐकू आला, देव जाणे. त्याने मान वळवली.

दिग्दर्शक भडकले, पुन्हा घ्या म्हणाले. पुन्हा घेतला, सरळ बाजूने, मान खाली. तोच वापरायचा ठरला होता. पण जोडणी व्हायच्या आत दादा गेला. मग मी टेबलावर बसून पहिला तुकडा काढला, पालथा केला आणि जोडला. दिग्दर्शकांनी बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पुढचं रीळ लावायला सांगितलं. म्हणून तो धूसर, पालथा, हसरा तुकडा चित्रात आहे.

घरी तो हसत नसे कारण तो दमलेला असे, वहिनी. सगळेच दमतात. तू तरी त्याला कधी हसून दाखवलंस? हे चिडवून म्हणते आहे, रागाने नाही.

आता तू काय ते ठरव. पोरीला मी ‘थांब’ एवढं एक कार्ड टाकते आहे. कारण लिहीत नाही.

तुझी नणंद

३१ मार्च

आत्या,

तुझं ‘थांब’ आज दुपारी मिळालं. सही काल झाली. मान खाली घातलेला स्वार बसवला, पाय सरळ झाला, साहेब खूश. हसणारा तुकडा मी फेकला नाही, वेगळ्या डबीत ठेवला आहे. पण नवी फिल्म उद्या छापायला जाते आणि एकदा गेली की तेच चित्र राहणार.

नुसतं ‘थांब’ म्हणून कुणी थांबत नाही ग. कारण दिलं असतंस तर मी भांडले असते. आता भांडायची ताकदही नाही. जिना चढून वर येते आणि खुर्चीत बसते तेव्हाच दिवस संपल्यासारखा वाटतो.

खारुटली

३१ मार्च

बाळ,

हे पत्र टपालात टाकत नाही. मशीन दुरुस्तीवाला तुझ्याच गावी निघाला आहे, त्याच्या हाती देते. (हो, मशीन दुरुस्तीला दिली.) मला पुष्कळ लिहिता येत नाही.

तुझे वडील गोदामात नव्हते. ते जॉकी होते. तापाने गेले नाहीत, घोड्यावरून पडून गेले. फोटो पाण्याने गेले नाहीत, मी जाळले. आत्याने माझ्या सांगण्यावरून हे लपवलं. तिला एक अक्षर बोलू नकोस, जे काय बोलायचं ते मला.

तुझ्या त्या चित्रात आठ नंबरच्या घोड्यावर आहेत ते. ते ज्या दिशेला बघून हसतात तिथे तू होतीस, आत्याच्या कडेवर. हे मलाही कालच कळलं. मी इतकी वर्षं वेगळंच धरून बसले होते.

तुकडा गेला असेल तर राहू दे. तुझ्यावर ठपका येऊ नये. पण कळल्याशिवाय जाऊ नये, एवढ्यासाठी लिहिलं.

आई

९ एप्रिल

आत्या,

मशीनवाला एक तारखेला सकाळीच दारात उभा राहिला. वाटलं, आईला काही झालं. पत्र जिन्यातच वाचलं आणि तशीच साहेबांच्या खोलीत गेले. चपलाही काढल्या नाहीत, आणि तिथे फिल्मसाठी चपला बाहेर काढायचा नियम मीच लावलेला आहे.

म्हटलं, सही मागे घ्यायची आहे, जुना तुकडा परत बसवायचा आहे. ते म्हणाले, ‘‘बाई, परत तेच? गाडी खाली उभी आहे. कारण काय लिहू?’’ मी म्हटलं, ‘‘तो स्वार माझा बाप आहे.’’  त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘‘हे कारण कागदावर चालणार नाही.’’ मग कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, ‘‘जे चित्र लोकांनी बघितलं ते तसंच राखणं हे आपलं काम आहे, असं लिहा.’’ आत्या, हे तुझंच वाक्य! मी तुझ्या पत्रातून त्यांना वाचून दाखवलं होतं, तेव्हा त्यांनी हात झटकला होता. गाडी परत पाठवली. नोकरी अजून आहे, पुढचं माहीत नाही.

मग तुकडा बसवायला घेतला. आधी वाटलं, बाप आहे तर खरा कसा दिसायचा तसा बघू. फिल्म सुलटी करून भिंगाखाली धरली. खरं सांगू? परका माणूस होता. कितीतरी वेळ बघितलं. वाईट वाटलं. वाटलं, इतकं सगळं होऊन मला काहीच होत नाही.

मग जोडायसाठी पुन्हा पालथी केली, तू केली होतीस तशी. आणि आत्या, मी त्याला ओळखत होते. रोज सकाळी बघते मी त्याला. माझ्या उजव्या गालाला खळी आहे ना, ती आरशात उजव्या हातालाच दिसते. त्याचीही उजव्या गालाला. आणि तू फिल्म पालथी केल्यामुळे तो मला आरशातल्यासारखा दिसतो. तीच खळी, तिथेच, तीच एक भुवई जरा वर. मी टेबलावर डोकं ठेवून रडले. शेजारच्या बाईंना वाटलं, त्या वासानेच झालं.

पाय उलटा राहिला आहे. शौकिनांना भांडू दे.

आईशी भांडणार होते. गेले तर ती मशीनला तेल घालत होती. म्हणाली, ‘‘बोल, काय बोलायचं ते.’’  मी विचारलं, चित्र लागेल तेव्हा येशील? ती म्हणाली, ‘राहू दे’. मग म्हणाली, ‘‘कधी आहे?’’

तुझी खारुटली

२ मे

वन्सं,

तुम्ही यायला हवं होतं. गुडघ्यांची सबब मी या वेळी ऐकून घेतली, पुढच्या वेळी घेणार नाही.

गर्दी बेताची होती. खुर्च्या टोचतात. तो माणूस अजून तसाच शिंकतो आणि लोक अजून तसेच हसतात. मीही एकदा हसले, पोरीने वळून बघितलं. तुमचं नाव शेवटी आलं, बारीक अक्षरात, पोरीने माझा हात दाबला म्हणून कळलं.

शर्यत सुरू झाली तेव्हा मी ठरवलं होतं की डोळे मिटायचे नाहीत. मिटले नाहीत. पण वन्सं, मी पडद्याकडे बघितलंच नाही. घोडे वळणावर आले आणि माझी मान आपोआप बाजूला गेली. पोर माझ्या शेजारी, पुढे झुकून बसलेली. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर पडत होता. आणि एकदम ती हसली. पूर्ण तोंडभर, खळी पाडून, कुणीतरी गर्दीतून नावाने हाक मारावी तशी. तेवढ्यावरून मला कळलं की ते आत्ता हसले.

इतकी वर्षं मी म्हणत होते की ते हसू घरात कधी आलंच नाही. ते माझ्याच घरात वाढत होतं, आणि मी त्याला ‘राहू दे, राहू दे’ म्हणत होते.

रविवारी पुन्हा लावणार आहेत म्हणे. मी पोरीला सांगून ठेवलं आहे, मधल्या रांगेत दोन जागा धर. या वेळी मी त्यांच्याकडे बघणार आहे.

वहिनी